बोसपाडा लेन, गॅलिनाचा स्फटिक आणि टनेल डायोड

भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कोलकात्याभोवती खणला गेलेला खंदक बागबाजारपाशी सुरू होत असे, आणि ‘मराठा डिच लेन’ या नावाने ती आठवण तेथे अजून टिकून आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने या वस्तीतील अधिक महत्त्वाची गल्ली म्हणजे बोसपाडा लेन होय. भगिनी निवेदितांनी नोव्हेंबर 1898 मध्ये तेथे मुलींची शाळा काढली, आणि पुढे जगदीशचंद्र बोस यांच्या ग्रंथांच्या लेखन-संपादनात त्यांनी घातलेले श्रम याच वस्तीतील वास्तव्याच्या काळातले आहेत.

बोस यांनी सुमारे 5 मिलिमीटर तरंगलांबीच्या विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण केल्या होत्या, आणि त्या ओळखण्यासाठी गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असलेले खनिज, त्यांनी वापरले. या स्फटिकाला धातूचे टोक टेकवून थोडा विद्युतदाब दिला असता धारा दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजे ओमचा नियम तेथे लागू पडत नाही, आणि या वक्र वर्तनामुळेच दुर्बळ लहरीचा माग लागतो. पेटंटविषयी बोस उदासीन होते. निवेदिता आणि सारा बुल या त्यांच्या अमेरिकी स्नेही यांच्या आग्रहामुळे सप्टेंबर 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि 29 मार्च 1904 रोजी पेटंट मिळाले. स्फटिक-शोधकाचे अग्रहक्क बोस यांचेच, हे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी ब्रॅटन यांनी सहकारी पिअर्सन यांच्यासह 1955 मध्ये मान्य केले.

गॅलिनाच्या या वक्र वर्तनावरून बोस यांनी टनेल डायोडही आधीच बनवला होता, असा दावा मात्र अभिमानापोटी करू नये. तो डायोड जपानचे लिओ इसाकी यांनी 1957 मध्ये, पुढे सोनी नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीत, जर्मेनियमच्या पी-एन संधीतून, म्हणजे दोन प्रकारची अशुद्धी मिसळलेल्या भागांच्या जोडातून, घडवला. या संधीच्या दोन्ही बाजूंस अशुद्धी इतकी दाट मिसळलेली असते की मधला वाहकरहित पट्टा सुमारे 10 नॅनोमीटर, म्हणजे काही डझन अणूंच्या रुंदीचा, उरतो. पुंजयामिकीनुसार इलेक्ट्रॉनला तो ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही पलीकडे निघता येते, यालाच टनेलिंग म्हणतात. दाब वाढवत नेल्यावर धारा प्रथम वाढते, मग दोन्ही बाजूंच्या ऊर्जापातळ्या एकमेकींसमोरून सरकल्यामुळे ती घटते, आणि अखेरीस नेहमीच्या डायोडप्रमाणे पुन्हा चढते. मधल्या घटीच्या भागाला ऋण रोध म्हणतात. हा भाग मंडलातील ऊर्जेची तूट भरून काढतो, म्हणून टनेल डायोडने सूक्ष्मलहरींचे आंदोलक व प्रवर्धक बनवता आले, आणि ऑसिलोस्कोपमध्ये अतिवेगवान स्विच म्हणूनही तो बसला. याच कामासाठी इसाकींना 1973 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

टनेल डायोडचे राज्य मात्र फार काळ टिकले नाही. दोनच टोके असल्याने येणारा व जाणारा संकेत वेगळा राखता येत नाही, आणि वेगवान ट्रान्झिस्टर आल्यावर ही अडचण कोणी सोसेना. कमी दाट अशुद्धीचा त्याचा भाऊबंद, बॅकवर्ड डायोड, मात्र दुर्बळ सूक्ष्मलहरी ओळखण्यास आजही वापरतात. गॅलिनाच्या स्पर्शबिंदूला विद्युतघटाचा जो दाब बोस यांना बाहेरून जुळवून द्यावा लागे, तो याला मुळीच द्यावा लागत नाही.