दिव्यांगांच्या शिक्षणात माहिती तंत्रज्ञानाची सुगमता

इतिहासाच्या एखाद्या ई-पाठात वाराणसीच्या मणिकर्णिका घाटाचे छायाचित्र दिलेले असते. डोळस विद्यार्थी ते पाहून पुढे जातो. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा संगणक मात्र केवळ ‘चित्र’ एवढेच उच्चारतो किंवा फाईलचे निरर्थक नाव वाचून दाखवतो. त्याच छायाचित्रास ‘गंगाकाठच्या पायऱ्या, पेटलेल्या चिता, लाकडांच्या राशी आणि शेजारी एका बाजूस झुकलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर’ असे पर्यायी वर्णन जोडले, की पाठ दोघांपर्यंत पोहोचतो. माहिती तंत्रज्ञानाची सुगमता म्हणतात ती हीच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्या गरजा भिन्न आहेत. दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली किंवा ब्रेल पट्टी लागते, कर्णबधिरांना चित्रफितींखाली मथळे व सांकेतिक भाषा लागते, तर हातांच्या हालचालींवर मर्यादा असणाऱ्यांना माऊसविना चालणारा संगणक आवश्यक असतो.

मराठीपुढील अडचण

‘जॉज’ ही पडदावाचक प्रणाली विंडोजसाठी १९९५ मध्ये उपलब्ध झाली. परंतु ती विकत घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ ही मोफत प्रणाली विकसित करण्यास प्रारंभ केला. ‘ई-स्पीक’ या मुक्त वाचायंत्रणेच्या साहाय्याने ती मराठीही वाचते.

तथापि, मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच हे शक्य होते. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसत असली, तरी संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. त्यामुळे पडदावाचक अर्थहीन अक्षरे उच्चारतो. पुस्तकाची पाने केवळ स्कॅन करून ठेवल्यास तर त्याला वाचण्याजोगे काहीच उरत नाही. परिणामी, पुस्तक हाती असूनही विद्यार्थ्याला वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून राहावे लागते.

कायदा आणि संस्था

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी साधन केंद्र सुरू करण्यात आले. पुस्तकांचे सुगम स्वरूपात रूपांतर करण्यात स्वामित्व हक्काचा अडथळा होता. तो २०१२ च्या कायदा दुरुस्तीने दूर झाला. याच विषयावरील २०१३ च्या मराकेश कराराला भारताने २०१४ मध्ये, सर्व देशांत प्रथम, मान्यता दिली. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाईन ग्रंथालय सुरू झाले. कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेला शब्दकोश २०२१ मध्ये १० हजार शब्दांचा झाला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य पुरवण्याची, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम करण्याची तरतूद त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला.

शाळांना करता येण्याजोगे

यासाठी मोठा खर्चच करावा लागतो असे नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करणे, मथळ्यांना मथळ्याचीच शैली देणे, चित्रांना वर्णन आणि चित्रफितींना मथळे जोडणे, तसेच संकेतस्थळ केवळ कळफलकाने वापरून पाहणे, ही कामे कोणत्याही शिक्षकाला करता येतात. प्रश्नपत्रिका पाठवण्यापूर्वी ती एकदा पडदावाचकाकडून वाचवून घेतली, तर विद्यार्थ्याच्या ज्ञानाची परीक्षा होईल; फाँटमुळे त्याची अडवणूक होणार नाही.