गीतरामायण : वारसा व वाद

गीतरामायण : ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांनी लिहिलेली व सुधीर फडके (१९१९–२००२) यांनी स्वरबद्ध केलेली छप्पन्न गीतांची मराठी गीतमालिका. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात ती प्रथम प्रक्षेपित झाली. एका कथासूत्रात गुंफलेली व क्रमाने ऐकावयाची संगीतकृती म्हणून आधुनिक मराठी संगीतात तिचे स्थान अनन्यसाधारण आहे. तिच्या लोकप्रियतेविषयी दुमत नाही. तथापि तिचे मूळ रूप कोणते, तिचे श्रेय शब्दांना द्यावे की स्वरांना आणि पुढील पिढ्यांनी ती कशी गावी, या प्रश्नांवर रसिकांमध्ये दीर्घकाळ मतभेद आहेत.

रचना व प्रक्षेपण : पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. या केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशा मालिकेची कल्पना आपले मित्र माडगूळकर यांच्यापुढे मांडली व त्यातून गीतरामायण आकारास आले. रामनवमीच्या दिवशी, शुक्रवारी, पहिले गीत प्रक्षेपित झाले. त्यानंतर दर आठवड्यास एक नवे गीत सादर होत असे. मुळात बावन्न गीतांची योजना होती. परंतु त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने दोन रामनवम्यांमधील अंतर तेरा चांद्रमासांचे झाले व गीतांची संख्या छप्पन्नवर गेली.

माडगूळकरांनी वाल्मीकिरामायणाचा कथाक्रम मुख्यत्वे स्वीकारला आहे. आरंभीच्या गीतात कुश व लव रामासमोर रामचरित्र गातात, तर अखेरच्या गीतात वाल्मीकी त्या दोघा बालकांना ते कसे गावे याचा उपदेश करतात. अशा रीतीने कथा जेथून निघाली तेथेच परत येते आणि गायन हाच काव्याचा विषय बनतो. मधली बहुतेक गीते त्या त्या पात्राच्या तोंडी आहेत. पहिले गीत भूप रागावर व शेवटचे भैरवीवर आधारलेले आहे; मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा संकेत येथे संपूर्ण मालिकेस लागू केलेला दिसतो.

नभोवाणीच्या माध्यमाचा रचनेवर झालेला परिणाम लक्षणीय आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तत्कालीन तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे व त्यामुळे भावगीत दोन-तीन कडव्यांत आटोपावे लागे. आठवड्याच्या ठराविक वेळेतील प्रक्षेपणास हे बंधन नव्हते. गीतरामायणातील अनेक गीतांची कडवी बरीच अधिक आहेत. कडव्यागणिक कथा पुढे सरकते आणि चालीतील लहान लहान फेरफारांनी तिला उठाव मिळतो.

मूळ रूपाचा प्रश्न : प्रथम प्रक्षेपणात पात्रांनुसार निरनिराळे गायक होते. फडके यांच्याखेरीज माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर, योगिनी जोगळेकर, लता मंगेशकर इत्यादींचा त्यात सहभाग होता. पुढे फडके यांनी सर्व छप्पन्न गीते एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली व ग्रामोफोन कंपनीने ती दीर्घवादन तबकड्यांच्या रूपाने प्रसृत केली. फडके यांचे जाहीर कार्यक्रमही पुष्कळ झाले. त्यांतील प्रभाकर जोग यांची व्हायोलिनची साथ रसिकप्रिय ठरली. परिणामी घरोघरी पोहोचले ते मुख्यत्वे हे दुसरे रूप.

पहिल्या रूपाचे पक्षपाती असे मानतात, की सीता, कौसल्या यांसारख्या स्त्रीपात्रांची गीते स्त्रीकंठातूनच शोभतात, आवाजांच्या वैविध्यामुळे व्यक्तिरेखा वेगळ्या उमटतात आणि एकाच आवाजामुळे नाट्य उणावते. दुसऱ्या पक्षाचा आधार कीर्तनपरंपरा हा आहे. कीर्तनकार एकटाच सर्व पात्रे उभी करतो आणि श्रोता त्याच्या आवाजात राम, सीता व कैकेयी या सर्वांना ओळखतो. फडके यांचे स्पष्ट शब्दोच्चार आणि अर्थानुसारी स्वरलगाव यांमुळे कथनकर्ता एकच असल्याची जाणीव टिकते, असे या पक्षाचे म्हणणे आहे. वास्तविक हा वाद नाट्यसंगीत व कीर्तन या मराठी संगीतातील दोन जुन्या प्रवाहांमधील आहे. गीतरामायणात दोहोंचेही संस्कार असल्याने तो एका बाजूने मिटत नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतातही याला समांतर असा वाद आढळतो. एका सूत्रात बांधलेली दीर्घ तबकडी हीच एक कलाकृती मानण्याची प्रवृत्ती तेथे बीटल्स या वाद्यवृंदाच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) नंतर दृढ झाली. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) ही प्रागतिक रॉकमधील अभिजात तबकडी गणली जाते. तिचे गीतलेखक रॉजर वॉटर्स यांनी २०२३ मध्ये ती अन्य सहकाऱ्यांना वगळून नव्याने ध्वनिमुद्रित केली, तेव्हा कृती कवीची की वृंदाची, हा प्रश्न चाहत्यांपुढे उभा राहिला. तेथे वृंदाचे रूप रूढ होते व एकल रूप उपरे ठरले. गीतरामायणाच्या बाबतीत याच्या उलट घडले.

शब्द आणि स्वर : गीतरामायणाचे पुस्तक १९५७ मध्ये शासनाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. तेव्हापासून ते स्वतंत्र काव्य म्हणून टिकेल काय, याची चर्चा चालू आहे. माडगूळकरांना लोकांनी ‘आधुनिक वाल्मीकी’ म्हटले. उलट काही वाचकांना छापील शब्द चालीवाचून अपुरे वाटतात. या संदर्भात चित्रकूटावर राम भरताचे सांत्वन करतो ते गीत वारंवार उल्लेखिले जाते. त्यातील माणसाच्या पराधीनतेचा विचार दैववादी आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु सागरात एकत्र येऊन दुरावणाऱ्या ओंडक्यांचा दृष्टांत वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडातच आहे आणि प्रसंग सिद्धांत मांडण्याचा नसून शोकाकुल भावाला धीर देण्याचा आहे. गीतरामायणाची हिंदी, संस्कृत, कन्नड, गुजराती, तेलुगू इ. भाषांत रूपांतरे झाली व त्यांतील अनेक मूळ चालींवरच बेतलेली आहेत. यावरून चालीचे बळ जसे दिसते, तसेच ती चाल मुळात मराठी शब्दांच्या वजनातून निघाली, हेही विसरता येत नाही.

मराठवाड्यातील संदर्भ : प्रक्षेपणाच्या काळात अहमदपूर तालुका हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे शेवटच्या गीतानंतर सुमारे सहा महिन्यांनी, उदगीर व निलंगा या तालुक्यांबरोबर तो मुंबई राज्यात आला. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठीचे जतन मुख्यतः घर, भजन, कीर्तन आणि पोथीवाचन यांतून झाले. पैठणच्या एकनाथांचे भावार्थरामायण व श्रीधरांचा रामविजय (१७०३) यांची परंपरा या प्रदेशाला परिचित होती. अशा श्रोत्यांपर्यंत पुण्याच्या केंद्रावरील साप्ताहिक मालिका सलगपणे पोहोचणे कठीण होते. खेड्यांत वीज तुरळक होती व नभोवाणीसंच थोडे. त्यामुळे बालाघाटच्या या टापूत गीतरामायण खऱ्या अर्थाने रुजण्यास तबकडी, ध्वनिक्षेपक व पुढे ध्वनिफीत ही साधने कारणीभूत ठरली; म्हणजेच ते फडके यांच्या एकल आवाजात आले. पुण्याच्या श्रोत्याला जे नंतरचे रूप, तेच येथील श्रोत्याला पहिले. मूळ रूपाविषयीच्या वादात हा प्रादेशिक भेद सहसा लक्षात घेतला जात नाही.

उत्तराधिकार : फडके यांच्या पश्चात त्यांचे पुत्र श्रीधर फडके यांनी कार्यक्रमांची परंपरा चालविली, इतरही अनेक गायक-गायिका गीतरामायण सादर करतात. काहींच्या मते फडके यांची प्रत्येक हरकत जशीच्या तशी राखणे हीच निष्ठा होय. इतरांना अशी नक्कल निर्जीव वाटते व नवा वाद्यमेळ, नवे आवाज यांचे ते स्वागत करतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे माडगूळकरांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहतो व त्यानंतर शब्दांपुरता हा प्रश्न केवळ रसिकांच्या विवेकावर सोपविला जाईल.

या दृष्टीने भावार्थरामायणाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. युद्धकांड अपुरे असता एकनाथांचे निधन झाले व उर्वरित भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. परंपरेने दोघांच्या ओव्या एकाच ग्रंथात ठेवल्या आणि लोकांनी त्या सलग वाचल्या. रामकथा एका आवाजातून दुसऱ्या आवाजाकडे सोपविली जाते, हे गीतरामायणाच्या पहिल्या व शेवटच्या गीतांचेही सूत्र आहे. मूळ प्रक्षेपणाचे जतन आणि नव्या कंठांना मोकळीक या दोन्ही गोष्टी त्या सूत्राशी सुसंगतच ठरतात.