फुटक्या चित्राची कुळकथा

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गर्दी ऐन भरात असताना व्हिडिओ कॉल लावला, की हमखास एक प्रकार होतो. कणसांच्या गाड्या आणि मागचं धरणाचं पाणी स्वच्छ दिसत असतं आणि बोलणाऱ्याच्या हनुवटीचे एकदम चौकोन होतात. कपाळ जागेवर, तोंड भलतीकडे. आवाज मात्र चालू.

जवळच्या सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. तिथून टीव्ही दिसायचा त्या काळात चित्र असं फुटत नसे. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की आणखी मुंग्या. पण त्यांच्याआडूनही बातम्या कोण देतंय ते ओळखू यायचं. चौकोनांचं दुखणं पुढचं आहे, आणि त्याचं मूळ काटकसरीत आहे.

१९७४ साली बंगळूरचे नासिर अहमद यांनी अमेरिकेत नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह चित्र आवळण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्या आधाराने पुढे चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातलं डोळ्याला न जाणवणारं गाळता येऊ लागलं. त्यात भर म्हणजे आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं. उरलेली माहितीही कमी-जास्त लांबीच्या संकेतांत, मध्ये जागा न सोडता भरायची. शब्दांमधलं अंतर पुसून लिहिलेल्या पत्रासारखं हे असतं: एक अक्षर गळलं की पुढचा शब्द कुठे सुरू होतो तेच कळेनासं होतं. शिवाय पुढचं चित्र याच बिघडलेल्या चित्रावर उभं राहायचं असतं.

चूक पकडायची तर थोडं जास्तीचं पाठवावं लागतं. हे शास्त्र शॅनन (१९४८) आणि हॅमिंग (१९५०) यांनी उभं केलं. त्यात एक मराठी नाव आहे आणि ते आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते. सागरला जन्मलेले, नागपूरला शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित शिकवणारे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. १९५९ साली राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचा १७८२ सालचा लॅटिन चौरसांबद्दलचा अंदाज खोटा ठरवला, ही कीर्ती गणितज्ञांना ठाऊक आहे. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतरचनेवर एक टिपण लिहिलं. दोन संकेत एकमेकांपासून जितके वेगळे, तितकी चूक ओळखणं सोपं. असे जास्तीत जास्त वेगळे संकेत आणि हादामार यांच्या नावाने ओळखले जाणारे +१, −१ चे तक्ते यांचं नातं त्यांनी त्यात दाखवलं. १९७१ मध्ये मंगळाभोवती पोचलेल्या मरिनर-९ या यानाने चित्रं पाठवली ती याच जातीच्या संकेतात. चित्राच्या माहितीचे दर ६ बिट ३२ बिट होऊन निघत; त्यांतले ७ वाटेत उलटले तरी मूळचे ६ पृथ्वीवर शाबूत मिळत.

याच बोस यांचा, रायचौधुरी यांच्यासह रचलेला, चुका दुरुस्त करणारा संकेत १९६० चा. फ्रान्सच्या ओकंगेम यांनी तो स्वतंत्रपणे आधीच शोधला होता. १९९० च्या एच.२६१ या व्हिडिओ-फोनच्या मानकात तोच बसवला गेला: ५११ बिटांत १८ राखणीचे.

तारेवरच्या सुट्या चुकांना एवढं पुरतं. मोबाईलच्या हवेत चुका घोळक्याने येतात, माहितीचं अख्खं पाकीटच गायब होतं. म्हणून १९९८ चं सुधारित एच.२६३ आणि १९९९ चं एमपेग-४ यांनी चित्राच्या रचनेतच बंदोबस्त केला. ठरावीक अंतरावर खुणा पेरल्या, की गोंधळलेला फोन पुढच्या खुणेपासून नव्याने वाचायला लागेल. हालचालीची माहिती आधी आणि पोताची नंतर ठेवली. मला सर्वात देखणा वाटतो तो उलट्या वाचनाचा उपाय. संकेत असे घडवले की ते शेवटाकडूनही वाचता येतात. मध्ये चूक सापडली, तर फोन पुढच्या खुणेवर जाऊन मागे वाचत येतो. दोन्ही बाजूंनी सुटलेलं वाचतं, मधला तुकडा तेवढा जातो.

२००३ च्या एच.२६४ मध्ये चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे वाटून पाठवायची सोय झाली: काळी घरं एका पाकिटात, पांढरी दुसऱ्यात. एक पाकीट हरवलं तरी काठावरची सोडली तर प्रत्येक हरवलेल्या घराला चारी बाजूंनी शेजारी असतात आणि त्यांच्यावरून ते भरून काढता येतं.

तरी ही युक्ती फारशी रुळली नाही. शेजारी विखुरले की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि काटकसर घटते. २०१३ च्या एचईव्हीसी या पुढच्या मानकाने ती वगळलीच. राखणीचं बरंचसं काम आता खालच्या थरात, मोबाईलच्या नेटवर्ककडे गेलं आहे. तरीही पाकीट हरवलंच, तर घेणारा फोन देणाऱ्याकडे एक पूर्ण, ताजं चित्र मागतो. ते नेहमीच्या फरकापेक्षा कितीतरी जड असतं आणि आधीच गर्दी झालेल्या टॉवरवर तेच नवी अडचण ठरू शकतं. म्हणून काही ठिकाणी पूर्ण चित्र एका दमात पाठवतच नाहीत. दर खेपेला एक उभा पट्टा ताजा करतात, आणि पट्ट्या-पट्ट्याने सगळा चेहरा नवा होतो.