मेबेलचा अंगठा

कार्टर फॅमिली या जुन्या अमेरिकन गायक-त्रयीच्या ध्वनिमुद्रणांचा बारा सीडींचा संच ‘बेअर फॅमिली’ या जर्मन कंपनीने २००० साली काढला. लोक तो शब्दांसाठी, साराच्या आवाजासाठी ऐकतात. मी गिटार शिकवतो. माझा कान आधी मेबेलच्या अंगठ्याकडे जातो.

माणसं तीनच. व्हर्जिनियातल्या क्लिंच डोंगराच्या पायथ्याचा ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. सारा-मेबेल मुळात नात्याने बहिणी, लग्नानंतर जावा. ऑगस्ट १९२७ मध्ये तिघं ब्रिस्टलला गेली. या गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात. व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीच्या राल्फ पीअरने तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली होती. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेली. पुढच्याच महिन्यात ती बाळंत झाली. दोन दिवसांत सहा गाणी झाली. साराकडे ऑटोहार्प होता: आपल्या स्वरमंडळाला दाबपट्ट्या बसवाव्यात तसं वाद्य. ए. पी. मनात आलं की सूर मिळवतो, नाही तर गप्प. मला ते आवडतं. शिस्तीच्या समूहगानात अशी मोकळीक सापडत नाही.

आता तो अंगठा. बहुतेक जण तेव्हा गिटारवर नुसता ठेका धरत. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटांनी वरच्या तारा खाली-वर छेडत लय सांभाळते. १९२८ च्या ‘वाइल्डवुड फ्लॉवर’मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं. शिकणाऱ्यांचा हात इथेच अडखळतो: चाल नीट निघाली की बोटं थांबतात, बोटं चालली की चाल हरवते. त्याच वर्षी तिने गिब्सन एल-५ गिटार घेतली, २७५ डॉलरला. पीअर गाण्यामागे ५० डॉलर देई, म्हणजे साडेपाच गाण्यांचे पैसे एका वाद्यात गेले.

पीअरची खरी कमाई गाण्यांच्या हक्कांवर होती. त्यामुळे ज्यावर कुणाचा हक्क नोंदलेला नाही, अशीच गाणी त्याला हवी असत. ए. पी. मग डोंगरात घरोघर फिरून गाणी गोळा करू लागला. शब्द जोडायचे, छाटायचे आणि खाली नाव घालायचं: ए. पी. कार्टर. त्याला सरसकट चोर म्हणणं मला पटत नाही. त्याने फिरफिर फिरून गोळा केली नसती तर यातली कित्येक गाणी त्या घरांबरोबरच संपली असती. पण या भटकंतीत त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. ए. पी. शब्द उतरवून घेई, चाल लेस्ली डोक्यात ठेवून आणी. मेबेलही त्याच्याकडून वादन शिकली. तबकड्यांवर मात्र त्याचं नाव नाही.

१९३०च्या दशकात ए. पी. आणि साराचा संसार मोडला, तरी गाणं मोडलं नाही. मुद्रणं १९४१ पर्यंत चालली. रिडलला १९६०च्या दशकात माइक सीगर या लोकसंगीताच्या गायक-संग्राहकाने शोधून काढलं आणि त्याचं वादन टेपवर घेतलं. त्याची सीडी राउंडर कंपनीने काढली ती १९९३ मध्ये, तो गेल्यानंतर. माझ्याकडे मेबेलची पद्धत शिकायला येणाऱ्यांना मी आधी ती सीडी लावून देतो, मग बारा सीडींचा खोका उघडतो.