दिनविशेष : ३० डिसेंबर
हैनान बेटाची लोहमार्ग-प्रदक्षिणा पूर्ण (२०१५)

चीनच्या दक्षिण टोकाच्या हैनान प्रांतात, उत्तरेकडील राजधानी हायकोउपासून दक्षिणेच्या सान्या शहरापर्यंत पूर्व किनाऱ्याने जाणारा ३०८ किलोमीटरांचा द्रुतगती लोहमार्ग २०१० साली याच तारखेस रहदारीस खुला झाला. आणि बरोबर ५ वर्षांनी पश्चिम किनाऱ्याचा मार्गही सुरू होऊन ६५३ किलोमीटरांचे वर्तुळ पूर्ण झाले. संपूर्ण बेटास वेढणारा हा जगातील पहिला द्रुतगती लोहमार्ग मानला जातो. हायकोउच्या मेइलान विमानतळाखालील भूमिगत स्थानकातून निघालेली गाडी वान्निंगच्या नारळी-पोफळीच्या मुलखातून सान्याकडे जाते. पर्यटकांची वर्दळ पूर्वेस अधिक असली, तरी तुंगफांगसारख्या पश्चिमेकडील बंदरांच्या रयतेस राजधानीचा मार्ग सुलभ झाला, हेच या दिवसाचे खरे माहात्म्य होय.