पात्रता ते क्रमवारी : गिरणगावातून पाहिलेला प्रवेश परीक्षांचा इतिहास

मध्य रेल्वेच्या भायखळा आणि करी रोड या दोन स्थानकांमधले चिंचपोकळी हे गिरणगावाचे, म्हणजे कापडगिरण्या आणि त्यांतील कामगारांच्या चाळींनी व्यापलेल्या मध्य मुंबईचे, एक प्रवेशद्वार होते. या वस्तीच्या दोन्ही बाजूंना महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या काही सर्वांत जुन्या संस्था उभ्या राहिल्या. भायखळ्याला १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, १९२३ मध्ये माटुंग्याला हलेपर्यंत भायखळ्यातच होती. परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय आणि १९२६ साली केईएम रुग्णालयाला जोडून सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघाले. चाळीतल्या मुलाला या संस्थांच्या इमारती रोज दिसत असत, पण त्यांच्या आत जाण्याचा मार्ग परीक्षेच्या मांडवाखालून जात होता. महाविद्यालयीन प्रवेशात प्रमाणित परीक्षेला, म्हणजे सर्व उमेदवारांना एकाच अभ्यासक्रमावर, एकाच पद्धतीने घेऊन एकाच निकषाने तपासलेल्या परीक्षेला, किती वजन द्यावे हा आजचा वाद समजून घ्यायचा असेल, तर या मार्गाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते: आरंभी परीक्षेचे काम विद्यार्थ्याची पात्रता ठरवण्याचे होते, पुढे तिच्यावर विद्यार्थ्यांची क्रमवारी लावण्याचे काम येऊन पडले, आणि आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, घेण्यात आली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शंभराहून अधिक उमेदवारांतून वीस-बावीसच पार पडले, यावरून परीक्षा किती कठीण होती याची कल्पना येते. तरीही तिचे स्वरूप स्पर्धेचे नव्हते. ठरावीक गुण मिळवणारा प्रत्येक जण महाविद्यालयात जाण्यास पात्र ठरत असे, आणि एकाच्या यशामुळे दुसऱ्याची जागा जात नसे. अडथळा होता तो परीक्षेपर्यंत पोहोचण्यात, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा थोड्या होत्या, त्यांची फी सामान्यांना परवडणारी नव्हती आणि त्यांच्या बाकांवर काही जातींचीच मुले प्रामुख्याने दिसत.

ही बाब जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमकी हेरली होती. सरकारी शिक्षणाचा पैसा रयतेच्या श्रमातून येतो आणि लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची मुख्य तक्रार सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील एक मुद्दा मात्र फारसा चर्चिला जात नाही. शाळेत नाव न घालता खासगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठ प्रवेश परीक्षेस बसू देते, याचे त्यांनी स्वागत केले आणि हीच सवलत वरच्या पदव्यांच्या परीक्षांनाही लागू करावी अशी मागणी केली. ज्याला शाळेचे दार बंद आहे त्याला निदान परीक्षेचे दार उघडे असावे, हा त्यामागचा विचार होता. सार्वजनिक परीक्षेच्या बाजूने करता येणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद आजही हाच आहे: परीक्षक उत्तरपत्रिका पाहतो, उत्तर लिहिणाऱ्याचे घराणे पाहत नाही.

गिरणगावाने या खुल्या दाराचा पुरेपूर उपयोग केला. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या परिसरात कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली; ज्या डिलाइल रोडच्या दुतर्फा गिरण्या होत्या तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दिवसपाळी करून रात्री शाळेत बसणारा कामगार, किंवा बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरणारा तरुण, हा या भागात पुढे अनेक पिढ्या परिचित राहिला. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे नियमित शाळेत न जाता मंडळाच्या परीक्षेस बसण्यासाठीचा नोंदणी अर्ज होय. फुल्यांनी ज्या सवलतीचे स्वागत केले होते तीच या फॉर्मच्या रूपाने टिकून राहिली.

पात्रता परीक्षेचे खरे मोल परळच्याच एका विद्यार्थ्याच्या उदाहरणातून कळते. भीमराव आंबेडकर आपल्या कुटुंबासह परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते आणि १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. हे प्रमाण चाळीस टक्क्यांहूनही कमी आहे. त्या काळी मॅट्रिक ही पात्रतेची परीक्षा होती, म्हणून त्या गुणांवर एल्फिन्स्टन कॉलेजचे दार त्यांना उघडले. पुढे शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीमुळे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. गुणांच्या उतरत्या क्रमाने मोजक्या जागा वाटणारी आजची पद्धत तेव्हा असती, तर त्या गुणपत्रिकेचे काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. परीक्षेने या विद्यार्थ्याची उच्च शिक्षणाची तयारी आहे एवढे प्रमाणित केले, आणि त्याच्या परिस्थितीची व कुवतीची पारख ज्यांनी त्याला जवळून पाहिले त्यांनी केली. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून पुढचा इतिहास घडला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून वेगळ्या मंडळाकडे गेली आणि मॅट्रिकच्या जागी एसएससी आली; शिक्षणविषयक कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी असा आकृतिबंध स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली एसएससी परीक्षा झाली. शाळा वाढल्या, मुली आणि बहुजन समाजातील मुले मोठ्या संख्येने शिकू लागली, परंतु वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. पूर्वी इंटर सायन्सच्या आणि पुढे बारावीच्या गुणांवर हे प्रवेश होत, आणि इच्छुक अनेक व जागा थोड्या असल्याने एकेका गुणासाठी चढाओढ सुरू झाली. अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही हे पाहण्यासाठी रचलेल्या परीक्षेकडून आता हजारो विद्यार्थ्यांना एकामागे एक उभे करण्याचे काम घेतले जाऊ लागले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेला आणि ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेला सराव परीक्षांचा शिस्तबद्ध क्रम, तसेच दादर परिसरात फोफावलेले खासगी क्लास, हे याच चढाओढीचे अपत्य होते.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न उभा राहिला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली, जागा वाढल्या, पण त्यांच्याबरोबर देणगीची प्रथाही आली. ती रोखण्यासाठी राज्याला १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. प्रवेश न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असावा, या कसोटीचा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मधील इनामदार निकालात आग्रह धरला, आणि सामाईक प्रवेश परीक्षा हे तिचे प्रमुख साधन ठरले. महाराष्ट्रात अशी परीक्षा, म्हणजे सीईटी, वैद्यकीय शाखांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीसच आणि अभियांत्रिकीसाठी त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली होती. देणगीच्या बळावर जागा विकत घेणाऱ्याला रोखण्याचे जे काम सामाईक परीक्षेने केले ते थोडे नाही, आणि परीक्षेवर टीका करताना ते विसरणे अप्रामाणिक ठरेल.

पुढील वीस वर्षांत मात्र वजन कशाला किती द्यावे याबाबत धोरणाने इतक्या वेळा दिशा बदलली की विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला मागच्या तुकडीचा अनुभव उपयोगी पडेनासा झाला. अभियांत्रिकीच्या २०१४ आणि २०१५ च्या प्रवेशांत राज्याने बारावीचे गुण आणि देशव्यापी जेईई मेन परीक्षा यांना निम्मे-निम्मे वजन दिले, तर २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली आणि बारावीचे गुण किमान पात्रतेपुरते उरले. वैद्यकीय प्रवेशासाठीची देशव्यापी ‘नीट’ २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, २०१६ मध्ये तोच निकाल मागे घेण्यात आला, आणि त्या वर्षी राज्यातील शासकीय जागांसाठी केंद्राला वटहुकूम काढून तात्पुरती सूट द्यावी लागली. बारावीच्या गुणांचे महत्त्व ओसरल्याचा परिणाम कनिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत दिसला: नाव महाविद्यालयात आणि दिवस क्लासमध्ये, ही ‘टायअप’ नावाने ओळखली जाणारी व्यवस्था इतकी पसरली की २०१८ मध्ये राज्य सरकारला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्याच्या पालकाला क्लासची फी परवडते त्याच्यासाठी ही गैरसोय नव्हती. ज्याचे सारे शिक्षण महाविद्यालयाच्या वर्गावरच अवलंबून होते त्याचे नुकसान झाले.

अकरावीच्या प्रवेशांतही हाच संघर्ष वेगळ्या रूपात झाला. एसएससी, आयसीएसई आणि सीबीएसई या मंडळांचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण होय. मुंबई उच्च न्यायालयाने हे सूत्र रद्द केले. २००९ मधील एसएससीसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णयही टिकला नाही. २०१० मधील ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याचा नियम, उच्च न्यायालयात पडला आणि सर्वोच्च न्यायालयात तरला. कोविडमुळे २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा सरकारने अकरावीसाठी ऐच्छिक सीईटी जाहीर केली. ती केवळ राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असल्याने इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, असे सांगत उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तीही रद्द केली. या सर्व निकालांतून एकच बोध निघतो: परीक्षा सर्वांना एकच असली तरी तिच्यापर्यंत येण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतील, तर केवळ प्रश्नपत्रिका समान ठेवून न्याय होत नाही.

अमेरिकेचा अनुभव या बोधाची दुसरी बाजू दाखवतो. तेथे १९२६ मध्ये सुरू झालेली सॅट ही परीक्षा महागड्या खासगी शाळांबाहेरील हुशार मुले शोधण्याचे साधन म्हणून हार्वर्डने १९३० च्या दशकात शिष्यवृत्तीसाठी वापरली. क्लासचा लाभ श्रीमंतांना होतो या टीकेला कोविडची जोड मिळाल्यावर २०२० पासून अनेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली. आणि परीक्षा नसल्यास साधारण परिस्थितीतील गुणी विद्यार्थी ओळखणे अधिक अवघड होते, असे सांगून एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. भारतात तमिळनाडूने मात्र आपली राज्य प्रवेश परीक्षा बंद करून बारावीच्या गुणांचा मार्ग धरला होता, आणि नीटला त्या राज्याचा विरोध ग्रामीण व गरीब विद्यार्थ्यांच्या नावानेच चालू आहे. म्हणजे परीक्षा ठेवणारे आणि काढणारे दोघेही गरिबाचे हित सांगतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

चिंचपोकळी-लालबागच्या चाळींचा अनुभव या दोन्ही म्हणण्यांना जागा देतो. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्या घरांचा नियमित पगार थांबला, त्या घरांतील मुलांसाठी गुणपत्रिका हीच वर येण्याची शिडी होती. ओळख आणि वशिला नसलेल्याला तिचाच आधार होता. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांबरोबर राहून, गॅलरीत किंवा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी चालवलेल्या अभ्यासिकेत बसून मिळवलेला गुण, आणि स्वतंत्र खोली, दोन वर्षांचा क्लास व सराव परीक्षांच्या जोरावर मिळवलेला गुण, हे कागदावर सारखे दिसले तरी त्यांमागचे कष्ट सारखे नसतात. दशांशाच्या पुढील अंकांवर लावलेली क्रमवारी हा फरक टिपू शकत नाही.

म्हणून प्रमाणित परीक्षा प्रवेशातून काढून टाकावी, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही, आणि तिच्यावरच सर्व भिस्त ठेवावी असाही निघत नाही. परीक्षेने तयारीची खात्री करावी. शालेय वर्षांतील कामगिरीला तिच्या जोडीने खरे वजन मिळावे, म्हणजे वर्ग ओस पडणार नाहीत. विद्यार्थी कोणत्या शाळेतून आणि कोणत्या परिस्थितीतून आला याची नोंद निवडीत घेतली जावी. आणि नियम एकदा ठरल्यावर विद्यार्थी अकरावीत येण्यापूर्वी जाहीर होऊन दोन वर्षे स्थिर राहावेत. यांपैकी एकही सूचना नवी नाही. प्रत्येकीचा प्रयोग या राज्यात किंवा अन्यत्र कधी ना कधी झाला आहे. रात्रशाळा, अभ्यासिका आणि शिष्यवृत्ती यांवर समाजाने केलेला खर्च हाही प्रवेशाच्या न्यायाचाच भाग मानला पाहिजे, कारण त्यांच्याविना समान परीक्षा हे केवळ कागदावरचे वचन राहते. परळच्या एका खोलीतल्या विद्यार्थ्याला २८२ गुणांवर महाविद्यालयात जाऊ देणारी व्यवस्था सदोष होती, पण त्या एका बाबतीत ती आजच्या व्यवस्थेपेक्षा अधिक शहाणी होती, आणि आजच्या धोरणकर्त्यांनी तिच्याकडून तेवढे तरी घ्यावे.