रिकाम्या बाटलीची किंमत

उल्हासनगरचा कॅम्प असो, अंबरनाथची चाळ असो की बदलापूरची नवी सोसायटी, रविवारी सकाळी भंगारवाल्याची आरोळी ठरलेली. बिअरची रिकामी बाटली तो लगेच घेतो. वाईनची बाटली मात्र हातात फिरवून बहुधा बाजूला ठेवतो. काच तीच, मग हा भेदभाव का? याचे उत्तर बाटलीच्या आकारात आहे.

सतराव्या शतकापर्यंत वाईन पिंपात साठवत. काचेची बाटली नाजूक, तिचे काम टेबलापुरते. जहाजांसाठी लाकूड वाचावे म्हणून इंग्लंडच्या राजाने १६१५ साली काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली आणि काच जाड, गडद, मजबूत झाली. सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या होत्या. पण बूच सुकले की आत हवा शिरते आणि वाईन आंबते. बूच ओले राहायचे तर बाटली आडवी हवी, आणि कांदा आडवा रचता येत नाही. म्हणून अठराव्या शतकात ती उभट, नळकांड्यासारखी झाली.

पुढे प्रांताप्रांताने आपली ठेवण जपली. बोर्दोची बाटली उंच खांद्यांची, बर्गंडीची उतरत्या खांद्यांची, ऱ्हाईनकाठची सडपातळ. शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणून तिची काच जाड आणि बुडाला खोल खळगा. ७५० मिलिलिटरचे माप तर १९७० च्या दशकात पक्के झाले. त्याच्या दुप्पट ती मॅग्नम. १५ लिटरच्या बाटलीला बॅबिलोनच्या नेबुकॅडनेझर राजाचे नाव आहे!

आपल्या मुंबईत साहेबाची दारू संपली तरी बाटली वाया जात नसे. रिकाम्या बाटल्यांचा मोठा व्यापार होता. पोरके झालेले जमशेटजी जीजीभाई १७९९ साली मुंबईत आले ते मामा फ्रामजी बाटलीवाला यांच्याकडे, याच धंद्यात. आज जे. जे. रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे गृहस्थ. आडनावातली 'बाटली' अशी आली.

नारायणगावला १९८० च्या दशकात फेसाळती वाईन होऊ लागली. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिक परिसरात वाईनरी वाढल्या आणि परदेशी घाटाच्या बाटल्याही आल्या. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली साधारण एकाच साच्याची. ती धुऊन पुन्हा भरता येते. वाईनच्या बाटलीचे खांदे वेगळे, रंग वेगळा, वजन वेगळे. निवडत बसणे परवडत नाही. मग ती फुटून भट्टीत जाते.

प्रत्येक आकारामागे एकेकाळी कारण होते. आज बऱ्याचदा उरतो तो नुसता डौल. आपल्या द्राक्षवाल्यांनी दोन-तीन साचे ठरवून घेतले, तर भंगारवाल्याच्या पोत्यात त्या बाटलीलाही जागा मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)